कुठलं मशीन घेऊ, मामा?

लखनौत मराठी माणूस म्हटला की लोकांना पंडित भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांनी इथे संगीत विद्यालय उभं केलं, त्याचं आता विद्यापीठ झालंय. माझा सुरांशी संबंध एवढाच, की इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं काय बिनसलंय ते मला बऱ्यापैकी कळतं. मी मूळचा पाजपंढरीचा, हर्णै बंदराशेजारच्या कोळीवाड्यातला. उभी नोकरी मात्र लखनौत, पोरांना इंजिनं खोलायला आणि परत जोडायला शिकवण्यात गेली. त्यामुळे होडीला मशीन घ्यायचं झालं की मला दोन्हीकडून विचारणा होते. हर्णैहून भाच्याचा फोन येतो आणि इकडे गोमतीच्या कुडिया घाटावर मासे धरणारे एक निषाद चाचा रस्त्यात गाठतात.

यंदा दोघांनी एकाच सुमारास विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, सगळे चाळीस एचपीचं घे म्हणतात. तू सांग, टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?" चाचांचा प्रश्न त्याहून आटोपशीर होता. "मास्साब, इंजन लगवा लें?"

दोघांनाही मी उलट तेच विचारलं. होडी किती फुटांची? भरल्यावर वजन किती? जाळं टाकायला किती लांब जाता? आणि मशीन बंद पडलं तर हात घालणारा माणूस किती अंतरावर आहे? दुकानदार यातलं काहीच विचारत नाही. तो एचपी सांगतो, मग हप्ता सांगतो. लोकही यामाहा चांगलं की सुझुकी यावर तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते हा वाद सगळ्यात शेवटी घालायचा. नावाजलेल्या कंपन्यांच्या मशीनमध्ये जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक चुकीच्या आणि बरोबर एचपीत असतो.

ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, ही वस्तू तशी साधी. डोक्यावर इंजिन, खाली उभा दांडा, दांड्याच्या तळाशी गिअर आणि पंखा. सगळं एकसंध. होडीच्या मागच्या फळीला आवळायचं आणि मूठ धरून अख्खं मशीनच वळवायचं; वेगळं सुकाणू लागत नाही. उथळ पाण्यात ते मागे कलवून पंखा वर घेता येतो आणि मशीन लहान असेल तर सोडवून खांद्यावरून घरी नेता येतं. होडीच्या पोटात बसवलेल्या डिझेल इंजिनाची ही सोय नाही. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अशी मोटर बाजारात आणली आणि तिथून ती जगभर गेली. एव्हिनरूड मोटारींचं उत्पादन मालक कंपनी बीआरपीने २०२० मध्ये बंद केलं. तेव्हा कुणी जुनं एव्हिनरूड स्वस्तात देत असेल, तर सुटे भाग कुठून आणायचे ते आधी विचारून घ्या.

आपल्या देशात ओबीएमचा मोठा प्रसार केरळच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात झाला. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, अशी ती मशीनं. रेशनचं स्वस्त रॉकेल हा त्यांचा आधार होता. २०१६ पासून त्या रॉकेलचा दर थोडाथोडा वाढत गेला, पुढे अनुदान संपलं आणि ते गणितच कोसळलं. आज कुणी नव्याने रॉकेलचं मशीन घ्यायचं म्हणाला तर मी नको म्हणतो. महाराष्ट्रात मोठ्या नौकांच्या पोटात डिझेल इंजिन असतं. ओबीएम दिसतं ते लहान फायबर होड्यांना. भाच्याची होडी त्यातलीच.

आता टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्या एकदा वर-खाली झाला की एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये तो दोनदा वर-खाली व्हावा लागतो. म्हणून तेवढ्याच सिलिंडरमधून टू-स्ट्रोक जास्त ताकद काढतं. त्याला वरचे व्हॉल्व्ह नाहीत, सुटे भाग कमी, वजन कमी. १५ एचपीचं टू-स्ट्रोक ३६-३७ किलोंचं, फोर-स्ट्रोक ५०च्या पुढे. चाळीसला हाच फरक साधारण ७५ आणि १०० किलो असा पडतो. रोज मशीन सोडवून वाळूतून घरी न्यायचं असेल तर १५ किलो काय असतात ते खांद्याला विचारा.

हलकेपणाची किंमत इंधनात चुकवावी लागते. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं नवं मिश्रणच करतं आणि त्या गडबडीत त्यातलं काही न जळताच धुराबरोबर निघून जातं. जुन्या कार्बुरेटरवाल्या मशीनमध्ये हे नुकसान पाव हिश्शापर्यंत जातं. त्यात ऑइल मिसळलेलं असतं, म्हणून अशा होडीमागे पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो. अमेरिकेने १९९६ साली नियम करून ही जुनी जात हळूहळू बाजारातून काढली. आपल्याकडे ती अजून सर्रास विकली जाते. ढोबळ हिशेब सांगतो. १० एचपी ताकद तासभर पूर्ण वापरली, तर पोटातलं डिझेल इंजिन सव्वादोन लिटर पितं, फोर-स्ट्रोक पेट्रोल ओबीएम सव्वातीन-साडेतीन आणि जुन्या धाटणीचं टू-स्ट्रोक साडेचार ते पाच.

पेट्रोलचं आणखी एक दुखणं अलीकडे वाढलंय आणि त्यात आमच्या उत्तर प्रदेशचाही हातभार आहे. इथल्या उसाच्या मळीतून निघणारं इथेनॉल आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलं जातं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. गाडीची टाकी बंदिस्त असते, आठवड्याभरात रिकामी होते. होडीची टाकी दमट हवेत उघड्यावर असते आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर ती पडूनच राहते. पाणी पुरेसं साचलं की इथेनॉल त्याच्याबरोबर पेट्रोलपासून फुटून तळाला बसतं. आता गंमत बघा: टू-स्ट्रोकसाठी मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि मशीन ओढतं ते तळाचं. म्हणजे इंजिन काही काळ बिनऑइलचं फिरतं. एवढ्यावर दट्ट्या चिकटायला वेळ लागत नाही. बहुतेक ओबीएम कंपन्या आपल्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगत आल्या आहेत. तुमच्या मॉडेलला २० चालतं का, ते दुकानदाराच्या तोंडी न घेता छापील दाखवायला सांगा. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि बंदीआधी टाकी व कार्बुरेटर कोरडा करा.

पण भाच्याचा खरा प्रश्न चाळीसचा होता.

त्याची होडी २२ फुटांची, पाण्याला टेकलेली लांबी २० फूट. जाळं, बर्फ, तिघे जण आणि मासळी धरून सव्वा टन. पाणी कापत जाणाऱ्या कुठल्याही होडीच्या वेगाला तिच्या लांबीनेच एक मर्यादा घातलेली असते. होडी पुढे जाते तशी नाळेपाशी एक लाट उठते, वेग वाढेल तशी ती लांब होते आणि लाटेची लांबी होडीएवढी झाली की पुढे जाणं म्हणजे स्वतःच्याच लाटेवर चढणं. ही मर्यादा काढायचं सूत्र सोपं आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. भाच्याच्या होडीला ते ६ नॉट येतं, ताशी ११ किलोमीटर. शांत पाण्यात एवढा वेग गाठायला सव्वा टनाला सहा-सात एचपी पुरते. वारा समोरून आला, खाडीच्या तोंडाशी ओहोटी अंगावर आली तर हाताशी ताकद हवी, म्हणून १५ धरा.

याहून वेगाने जायचं तर होडीने पाण्यावर उठून घसरत जायला हवं. त्याला दर वीस-पंचवीस किलोंमागे एक एचपी लागते. सव्वा टनाला ५० ते ६०. म्हणजे चाळीसवाली होडी रिकामी जाताना उठेल आणि मासळी भरून परत येताना बसेल. तेव्हा ती नाळ आकाशात, मागची बाजू पाण्यात आणि मोठी लाट ओढत, मधल्याच कुठल्या तरी वेगाने येते. त्या मधल्या वेगात इंधन सगळ्यात जास्त जळतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये लहान मच्छीमार नौकांच्या इंधनबचतीवर एक पुस्तिका काढली. ती लिहिणारे ओइविंड गुलब्रँडसेन यांनी मद्रासच्या बंगाल उपसागर प्रकल्पात आपल्याच पूर्व किनाऱ्यावरच्या होड्यांवर अनेक वर्षं काम केलं होतं. त्या पुस्तिकेचाही मोठा भर हाच: आधी वेग कमी करा, मग बाकीचं बोलू.

भाच्याला हे पटलं नाही, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हर्णैला लिलाव किनाऱ्यावर होतो. मासळी उशिरा आली की गिऱ्हाईक पांगलेलं असतं, भाव पडतो. वाऱ्याचं काही दिसलं तर आंजर्ल्याच्या खाडीत शिरावं लागतं, तिथेही लवकर पोचलेला बरा. म्हणून आम्ही फोनवरच मांडणी केली. मासेमारीची जागा ८ सागरी मैलांवर. ६ नॉटने एक तास वीस मिनिटं, १२ नॉटने चाळीस मिनिटं. १५चं फोर-स्ट्रोक बेताने चालवलं तर त्या वेळात चार-पाच लिटर पेट्रोल. चाळीसचं टू-स्ट्रोक पूर्ण उघडलं तर चाळीस मिनिटांत बारा-तेरा लिटर, तेही होडी उठली तर. म्हणजे चाळीस मिनिटं विकत घ्यायला एका बाजूला निदान सात-आठ लिटर जास्त. लिलावात तेवढा भाव रोज वाढून मिळतो का? महिनाभर वहीत लिही, मी म्हटलं. पापलेट-सुरमईच्या दिवसांत कदाचित मिळेल, बांगड्याला मिळणार नाही.

यापुढची गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: पंखा. बरीचशी ओबीएम हलक्या, पळणाऱ्या बोटींसाठी घडवलेली असतात. त्यांचा पंखा लहान आणि भरभर फिरणारा. जड मासेमारी होडीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो, जसा घाट चढताना सायकलला हलका गिअर. यामाहाच्या ९.९ एचपीतच दोन प्रकार आहेत. साध्यात इंजिनाच्या साधारण २.०८ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी, जोर जास्त देणाऱ्या 'हाय थ्रस्ट'मध्ये २.९२ फेऱ्यांना एक, आणि पंखाही मोठा. एचपी तीच, पण भरलेली होडी ढकलताना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. हाय थ्रस्ट मिळालं नाही तर निदान कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा, पंखा मागा. ओळखायचं कसं? होडी भरून पूर्ण उघडल्यावर इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत चढत नसेल तर पिच जास्त आहे. असं दबलेलं इंजिन पेट्रोलही खातं आणि लवकर मरतं.

दांड्याच्या लांबीचं थोडक्यात सांगतो. लहान मशीनं १५ आणि २० इंची दांड्यात येतात. मागच्या फळीची उंची मोजा. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या जरा खाली राहायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर विनाकारण पाणी अडवते.

आता चाचांकडे वळू. त्यांची होडी १६ फुटांची, सपाट तळाची, लाकडी, वल्ह्यावर आणि बांबूच्या लग्गीवर चालणारी. गोमती पिलीभीतच्या माधोटांड्याजवळच्या तळ्यातून उगम पावते, हिमालयाच्या बर्फाचं पाणी तिला नाही. लखनौत बंधाऱ्याने अडवल्यामुळे ती बहुतेक दिवस जवळजवळ थांबलेलीच असते. मध्ये मध्ये जलपर्णीचे गालिचे, शिवाय पुलांवरून पडलेली चुनरी, हार, प्लास्टिकच्या पिशव्या. पंख्याला हे सगळं आवडतं.

दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका हौशी माणसाचं जुनं मशीन माझ्या अंगणात दुरुस्तीला आलं होतं. तक्रार एकच, पाच मिनिटांत तापतं. चालू ओबीएमच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते, ती थंड पाणी फिरतंय याची खूण. याची धार थेंबाथेंबावर आली होती. खालचा गिअरचा भाग सोडवून पंपाचं झाकण काढलं. आत एक रबरी चक्री असते, सहा-सात पाकळ्यांची, मुठीएवढी. याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या, उरलेल्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या आणि पंपाच्या आतल्या पत्र्यावर गाळाने ओढलेल्या गोल गोल रेघा, नखाला लागतील एवढ्या खोल. तुटलेले तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकले होते. ते चिमट्याने काढल्याशिवाय नवी चक्री घालून उपयोग नव्हता. ती नवी चक्री मला लखनौत मिळाली नाही, कोचीहून मागवली. समुद्रात मीठ खातं, नदीत गाळ खातो. भाच्याने रोज गोड्या पाण्याने मशीन धुवावं आणि जस्ताचे तुकडे झिजले की बदलावे; नदीवाल्याने ही चक्री दरवर्षी बदलावी आणि एक जास्तीची घरात ठेवावी.

आमच्या राज्यात ओबीएम खरं कामाला लागतं ते पुरात. घाघरा, शारदा, राप्ती फुगल्या की राज्याच्या आपत्ती दलाच्या, पीएसी या सशस्त्र पोलीस दलाच्या आणि वाराणसीत तळ असलेल्या एनडीआरएफच्या अकराव्या बटालियनच्या रबरी बोटी बाहेर पडतात. तिथे हलकं मशीन हवं, कारण ते ट्रकमधून उतरवून गुडघाभर चिखलातून न्यायचं असतं. पेट्रोल किती जळलं हे कुणी बघत नाही. जे टू-स्ट्रोक भाच्यासाठी मी दुसऱ्या पसंतीला ठेवतो त्याला इथे पूर्ण अर्थ आहे. मात्र वर्षातले नऊ-दहा महिने ती मशीनं पडून असतात आणि कार्बुरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंकासारखं चिकटतं. पूर येण्याच्या महिनाभर आधी ती पाण्याच्या पिंपात लावून चालवून बघायला हवीत. बुडालेल्या गल्लीत पंख्याला जाळीचं कवचही हवं, पाण्यात माणसं उभी असतात.

चाचांच्या होडीला तेच वर्गमूळ लावलं: पाण्यातली लांबी १४ फूट, मर्यादा ५ नॉट. वल्ह्यावर ते आताच दोन-अडीच नॉटने जातात आणि त्यांची जाळी घाटापासून हाकेच्या अंतरात असतात. पेट्रोलचं मशीन घेतलं तर दिवसाच्या मासळीतून आधी मशीन जेवणार. राज्याची निषादराज बोट योजना आहे, तिच्यात ४० टक्के अनुदान मिळतं, पण ते बिनइंजिनाच्या होडीला आणि जाळ्याला. मला हे शहाणपणाचं वाटतं.

बॅटरीचं काय, असं चाचांच्या मुलाने विचारलं. अयोध्येत २०२४च्या जानेवारीत शरयूवर सौर बोट सुरू झाली, ती त्याने मोबाइलवर पाहिली होती. हिशेब असा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, त्यातली पंख्यापर्यंत दोनच पोचतात. ५ युनिटांची लिथियम बॅटरी घेतली तर त्यातली चारेक पोचतात, म्हणजे दोन लिटर पेट्रोलचं काम. भाच्याच्या ८ मैलांना हे कुठेच पुरत नाही. गोमतीवर एक किलोवॉटच्या मोटरने तेवढ्यात सकाळ सहज निघते, आवाज नाही, तवंग नाही. घाघरेसारख्या नदीत आवाजाचा प्रश्न तर डॉल्फिनचाही आहे. गंगेच्या खोऱ्यातला हा प्राणी जवळजवळ आंधळा, आवाजाच्या पडसादावर वाट काढणारा. पण लिथियम बॅटरी आज चाचांच्या होडीपेक्षा महाग पडते. सहकारी संस्थेने चार होड्यांत मिळून दोन बॅटऱ्या घेतल्या आणि घाटावर चार्जिंगची सोय झाली, तर मी स्वतः वायरिंग करून देईन असं त्यांना सांगितलंय. तोवर वल्हं बरं.

भाच्याला माझा सल्ला: १५ एचपीचं फोर-स्ट्रोक, २० इंची दांडा, कमी पिचचा पंखा, अट एकच, की त्याचं काम येणारा मेकॅनिक दापोली परिसरात असावा. तो नसेल तर १५चंच टू-स्ट्रोक घे, चाळीस कुठल्याही परिस्थितीत नको. पुढे होडी मोठी केलीस तर ओबीएम सोड आणि पोटात डिझेल बसव. बहिणीच्या नावावर कागद करता आले तर केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना अनुदान ६० टक्क्यांपर्यंत मिळतं, इतरांना ४०. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात मशीन घेण्याआधी जा, बिल फाडल्यावर नव्हे.

आणि कुठलंही मशीन घ्या, त्याच्याबरोबर एक लाल दोरी येते. एक टोक मशीनच्या बटणाला, दुसरं मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. नाहीतर होडी फिरून त्याच्याच अंगावर येते. बहुतेकांची ती दोरी घरी खिळ्याला टांगलेली असते. ती आजच काढून होडीत ठेवा आणि दर फेरीला मनगटाला बांधा.